अडगळ म्हणे!

'वर्षभर लागलं नाही ते विकून टाका' असं सांगणाऱ्यांचा मला भारी राग येतो. शिडी तरी रोज कुठे लागते? पट्ट्या ४५ अंशांत कापायची माझी तसबिरींची करवत घर आवरताना अशीच साच्यासकट गेली. चार महिने हळहळलो आणि परवा त्याच गृहस्थांकडून दीडपट मोजून परत आणली. मुलगा म्हणतो, "बाबा, तयार फ्रेम स्वस्त मिळते." मिळते हो, पण आजोबांच्या फोटोच्या मापाची? चौकटीला आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश कमी पडला, तर तीन कोपरे जुळवल्यावर चौथ्यात चार अंशांची फट! नुसत्या हाताने कापून दाखवा, मग मला अडगळ शिकवा. आज आजोबांच्या पट्ट्या कापतोय.