घड्याळातले ८०० मीटर आणि जमिनीवरचे ८०० मीटर



पोलीस भरतीची नुसती कुणकुण लागली की आमच्या खडवलीत पहाटे धावणारी मुलं वाढतात. त्यातली बरीचशी आपल्याच प्राथमिक शाळांतून चौथी-पाचवी करून गेलेली. मग कुणाचे तरी आई-बाबा विचारतात, "बाई, पोरीला रनिंगचं घड्याळ घेऊन द्यायचंय. कुठलं अंतर बरोबर दाखवतं?" प्रश्न दहा-वीस हजारांचा असतो, आणि ज्या घरातून येतो तिथे ही रक्कम लहान नसते.

माझं मत आधीच सांगते. घड्याळाच्या आधी टेप घ्या.

कारण घड्याळ अंतर मोजत नाही, अंदाज बांधतं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात. त्यांचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ स्वतःची जागा ठरवतं. संदेश येतो प्रकाशाच्या वेगाने, त्यामुळे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची गफलत झाली तरी ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. उंच बिल्डिंगवर आपटून आलेला संदेश लांबच्या रस्त्याने येतो, आणि घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाईलचं जीपीएसही साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतं. पण हे पाच मीटर कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जातात. सरळ रस्त्यावर अशी नागमोडी रेघ झाली की अंतर वाढतं. छोट्या मैदानावर गोल फेऱ्या मारल्या की उलट होतं. घड्याळ वळणं कापतं आणि अंतर कमी दाखवतं.

आता हे भरतीला लावून बघा. पोलीस शिपाई पदासाठी मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, त्याला २० गुण. समजा घड्याळ शंभरात तीन मीटर जास्त दाखवतंय. मुलगी ७७६ मीटरला थांबते, वेळ ३ मिनिटं. तिला वाटतं झालं आपलं. उरलेल्या २४ मीटरला त्याच वेगाने साडेपाच सेकंद लागतात, आणि गुण सेकंदांच्या टप्प्यांवर बसतात. ग्राउंडवर आखलेलं अंतर तिच्या मनगटाकडे बघत नाही!

तरी घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे का? स्वस्त बँडमध्ये बहुतेक वेळा नसतं. ते खिशातल्या मोबाईलचं जीपीएस वापरतात, नाहीतर पावलं मोजून त्याला ठरावीक लांबीने गुणतात. दमल्यावर पाऊल आखूड पडतं, पण गुणाकार तोच राहतो. दुसरी गोष्ट ड्युअल बँडची. अशी घड्याळं एल-१ आणि एल-५ अशा दोन लहरींवर संदेश घेतात आणि आपटून आलेला संदेश जास्त नीट ओळखतात. कोरोस पेस ३, गार्मिन फोररनर २५५ आणि ॲपल वॉच अल्ट्रामध्ये ही सोय आहे. गार्मिन फोररनर ५५ किंवा १६५ मध्ये नाही. (वर्गात सांगण्यासारखं: आपल्या इस्रोचे नाविक उपग्रह एल-५ आधीपासून वापरतात, आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ सुद्धा आलं.)

पण जास्तीचे पैसे कुणी मोजावेत? डोंबिवली, ठाण्यात टॉवरच्या मधून धावणाऱ्याने जरूर. इकडे भातसा नदीच्या बाजूला, शेताच्या कडेच्या रस्त्यावर आभाळ मोकळं आहे. तिथे साधं जीपीएस घड्याळ बरंच काम करतं. जाहिरात हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आणि टेप कशाला? मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अधिकृतपणे मोजतात ते सायकलने. चाकाला मोजणी यंत्र लावतात, सायकल आधी टेपने मोजलेल्या अंतरावर पारखून घेतात, आणि मार्ग कमी पडू नये म्हणून हजारात एक मीटर जास्त धरतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये एखाद्याचं घड्याळ ४२.६ दाखवत असेल तर मार्ग चुकला असं नाही. तो वळणावर बाहेरून धावला असेल, किंवा घड्याळ भरकटलं असेल.

हे आपल्या पाचवीच्या वर्गालाही जमतं. सायकलच्या टायरवर खडूची खूण करा. टेपने ५० मीटर आखा, त्यात चाकाचे किती फेरे होतात ते मुलांना मोजू द्या. मग ८०० मीटरला किती फेरे, हा त्रैराशिकाचा प्रश्न. रहदारी नसलेल्या रस्त्यावर दर १०० मीटरला चुन्याची रेघ मारा. गावातल्या सगळ्या मुलांना ती वापरता येईल, चार्जिंगही लागत नाही.

वेगाचंही तसंच. धावताना घड्याळात जो वेग क्षणाक्षणाला बदलतो तो बघू नका. एका सेकंदात मूल चार-पाच मीटर पुढे जातं आणि जीपीएसची चूकही तेवढीच, मग आकडा उड्या मारणारच. त्याऐवजी चुन्याच्या रेघेवर लॅपचं बटण दाबायला शिकवा, आणि प्रत्येक १०० मीटरचे सेकंद वहीत लिहायला लावा. शेवटच्या दोनशेत वेळ किती वाढते ते त्या वहीत दिसतं. त्यासाठी स्टॉपवॉच लागतं, ते घरातल्या मोबाईलमध्ये आहेच.