खाणारी तोंडं सहा, फिगर ऑफ स्पीच शून्य

‘सिनेक्डोच’ हा शब्द मी सलग अकरा वर्षं चुकीचा शिकवला. खरा उच्चार ‘सिनेक्डकी’ आहे, हे शहरातून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये चहा पिता पिता चारचौघांत सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग घरी येऊन हिशेब केला. या अकरा वर्षांत माझ्या उच्चारापायी एकाही पोराचा अर्धा गुणसुद्धा गेला नव्हता. जाणार कसा? तो शब्द बोलायचा नसतोच. पेपरात एकदा लिहायचा, दोन गुण घ्यायचे आणि चंद्रभागेत सोडून द्यायचा.

तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला इंग्रजी शिकवतो. म्हणजे दुकान माझंच आहे आणि भेसळही माझ्याच हातची.

2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. आधी ते पाचवीपासून असे. आता अकरा वर्षं इंग्रजी शिकून पोरगं माझ्या वर्गात येतं. त्याला म्हटलं, बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस रजा हवी असा अर्ज लिही, तर ‘रिस्पेक्टेड सर’च्या पुढे पेन हलत नाही. त्यालाच विचारा, ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणजे काय? पाढे म्हणावेत तशी व्याख्या येते, गाईडातल्या छपाईच्या चुकीसकट.

बरं, हे सगळं त्याला परकं आहे का? साडेदहाच्या तासाला मराठीचे सर उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द शिकवून जातात. त्यांचा खडू वाळायच्या आत मी येतो आणि ‘सिमिली’ शिकवतो. पोरं वही बदलतात. दोन वह्यांत एकच गोष्ट लिहिली आहे हे त्यांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघा मास्तरांनाही कधी सांगावंसं वाटलं नाही. पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, पन म्हणजे श्लेष. ज्या मुलखात भामह, दंडी आणि मम्मट या विषयाचा कीस पाडून बसले, तिथलं पोर ‘मेटाफर’ हा शब्द विलायतेहून आलेल्या औषधासारखा नाक दाबून गिळतं.

सिनेक्डकीच घ्या. अंश सांगून अख्खी वस्तू सुचवायची, एवढीच तिची करामत. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया रोज म्हणतात, ‘घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावते हात दोन.’ झाली की सिनेक्डकी, एका दमात दोनदा! ट्रान्सफर्ड एपिथेट हवा? लहानपणी डोळ्यांना रुमाल बांधून आंधळी कोशिंबीर खेळलोच ना आपण? आंधळा होतो तो राज्य घेणारा भिडू, कोशिंबीर बिचारी कशाला आंधळी होईल? पण हे सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि आम्हाला पोर्शन संपवायचा असतो.

आमच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे फाटकाशी रोज ‘वर्ड ऑफ द डे’ लिहितात. परवा ‘सेरेन्डिपिटी’ होता. खाली अर्थ, वापराचं एक वाक्य आणि प्रायोजक म्हणून एका क्लासची जाहिरात. हा शब्द होरेस वॉलपोलने 1754 साली एका पत्रात घडवला, सेरेन्दिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेन्दिप म्हणजे आपलं सिंहलद्वीप, आजची श्रीलंका. आपल्याच शेजारच्या बेटाचं नाव अरबांच्या तोंडून साहेबाकडे गेलं आणि तिथून ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ होऊन आपल्याच फाटकावर आलं! एवढी बहारदार गोष्ट हाताशी असून तिथल्या पोरांनी काय केलं? स्पेलिंग पाच वेळा लिहिलं.

संज्ञा नकोतच, असं मी म्हणत नाही. सुताराच्या पोराला रंधा कुठला आणि पटाशी कुठली हे कळायलाच हवं. पण त्याचा बाप आधी पटाशी हातात देतो, बोट कापू देतो. नाव आपोआप कळतं. आम्ही नाव पाठ करून घेतो आणि पटाशी कपाटात कुलूपबंद ठेवतो.

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो. बारावीच्या पुस्तकात दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. चित्रे मराठीत लिहीत, इंग्रजीतही लिहीत. 1994 साली त्यांना स्वतःच्या मराठी कवितेसाठी आणि तुकोबांच्या इंग्रजी अनुवादासाठी असे साहित्य अकादमीचे दोन्ही पुरस्कार मिळाले. कवितेत रात्रीच्या लोकलने भिजून घरी येणारा बाप आहे. घरात त्याच्याशी मुलं धड बोलत नाहीत. अशी कविता सतरा वर्षांच्या पोरांपुढे आली की वर्गात शांतता पसरायला हवी. मी मात्र फळ्यावर रकाने आखले: सिमिली, ॲलिटरेशन, थीम, मेसेज. मग सगळ्यांनी मिळून उवा वेचाव्यात तशी त्या बापाच्या डोक्यातून फिगर्स ऑफ स्पीच वेचून काढली.

गेल्या वर्षीच्या प्रिलिमला याच कवितेवर आस्वादाचा प्रश्न होता, गुण चार. एका पोरीने गाईडातला परिच्छेद जशाच्या तसा उतरवला. ‘पॉइनंट’ आणि ‘एव्होकेटिव्ह’ हे शब्द तिने अधोरेखितही केले होते. पुढची उत्तरपत्रिका मागच्या बाकावरच्या एका पोराची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तीन ओळी. त्याचे वडील एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला आहेत, रात्री एकला घरी येतात आणि दाराची कडी वाजली की तो मोबाईल उशीखाली सारून झोपेचं सोंग घेतो. ही कविता वाचल्यावर आपल्याला ते आठवलं, एवढंच त्याने लिहिलं होतं. एकाही क्रियापदाचा काळ बरोबर नव्हता. अलंकार एकही ओळखलेला नव्हता.

पोरीला मी साडेतीन दिले. त्याला एक.