जिराफाचे पोट आणि मावशींची शेळी



मागच्या बुद्ध पौर्णिमेची गोष्ट. आमच्या पनवेलच्या वस्तीत विहारात खीरदान झाले, सर्वांचे जेवण झाले. सायंकाळी भांडी आवरताना पाहिले तर अर्धे पातेले भात उरलेला. अन्न टाकून द्यायला जीव धजेना. पलीकडे मावशींच्या दारात त्यांची शेळी बांधलेली होती. मी तिच्यापुढे ते पातेले रिकामे केले. शेळीने भात चाटूनपुसून खाल्ला. मुक्या जिवाचे पोट भरले म्हणून मला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी शेळी उठेना. रवंथ बंद, पोट तट्ट, कर्रकर्र दात खात होती. मग पातळ हागवण लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. गाभण होती बिचारी.

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. शेळी म्हणजे त्यांची बँक. मुलाची फी, सुनेचे बाळंतपण, सगळे तिच्या करडांवर निघायचे. मावशी डोक्याला हात लावून बसल्या. बायका म्हणू लागल्या, ‘‘नजर लागली हो!’’ कोणी हळूच शेजारणीचे नाव घेतले. दोन घरांतले बोलणे बंद झाले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली बसून नजरेच्या गोष्टी!

शेवटी मावशींच्या मुलाने जनावरांच्या डॉक्टरांना गाठून सगळी लक्षणे सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘शेळीने आदल्या दिवशी काय खाल्ले?’’ मी शेजारीच उभी होते. तोंडातून शब्द फुटेना. पण बोलावेच लागले. डॉक्टर म्हणाले, ‘‘भाताने गेली ती. नजरेने नव्हे.’’

भाताने कशी? हे त्यांनी जे समजावले, ते आज तुम्हाला सांगते.

शेळी पाला खाते, पण तो तिला स्वतःला पचवता येत नाही. गाय, म्हैस, मेंढी, हरीण, जिराफ या सगळ्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे तसेच आहे. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा तो कोठीपोट. तिथे जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव राहतात, एका थेंबात कोट्यवधी. यांतले काही जीव १८४३ साली ग्रुबी आणि डेलाफोंड या दोघांनी पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काडी, पाला, साल हे कुजवून त्याचे अन्न करायचे काम हे जीव करतात. त्यातून जी आम्ले तयार होतात, त्यांवर शेळी जगते. म्हणजे शेळी आधी आपल्या पोटातल्या पाहुण्यांना जेवू घालते, आणि मग पाहुणे तिला जेवू घालतात!

या पाहुण्यांत निरनिराळ्या जाती असतात. पाल्यावर जगणारे वेगळे, पिठावर जगणारे वेगळे. रोजच्या आहाराप्रमाणे त्यांची संख्या ठरते. पाला खाणाऱ्या शेळीपुढे एकदम भात, पोळ्या, पीठ किंवा धान्य आले की पिठावर जगणारे काही तासांत बेसुमार वाढतात. ते लॅक्टिक आम्ल बनवतात, दही आंबट होते तेच आम्ल. पोट आंबट होते आणि पाल्यावर जगणारे पाहुणे मरतात. मग आम्ल आतड्यांना व रक्ताला बाधते. अंगातले पाणी पोटात ओढले जाते, जनावर सुकते आणि मरते. मावशींच्या शेळीचे हेच झाले.

डॉक्टर म्हणाले, ‘‘ही गत नुसती शेळीची नाही. प्राणिसंग्रहालयातल्या जिराफालाही हेच दुखणे होते.’’ मला नवल वाटले. कुठे आमच्या गल्लीतली शेळी आणि कुठे अठरा फूट उंच जिराफ! पण विचार केला तर दोघे भाऊबंदच. दोघांनाही जमिनीवरच्या गवतापेक्षा झाडाचा पाला प्रिय. आफ्रिकेत जिराफ आपल्या बाभळीसारख्या काटेरी झाडांचा पाला लांब जिभेने ओढून खातो. दिवसाचे कितीतरी तास त्याचे हेच काम. मग रवंथ. घास लांब मानेतून वर चढताना बाहेरून दिसतो म्हणतात.

बंदिवासात मात्र जिराफाला एवढा ताजा पाला मिळणे कठीण. थंड देशांत तर हिवाळ्यात झाडांना पानेच नसतात. म्हणून त्याला लसूणघास वाळवून देतात, वर खुराकाच्या गोळ्या. पूर्वी या खुराकात पिठाचा भाग जास्त असे. काही जिराफ खाऊनही खंगत गेले, अंगातली चरबी संपली आणि थंडीत अचानक मेले. आता तिथले जाणकार पिठाचा खुराक कमी, काडी-पाला जास्त, असा आहार सांगतात. आणखी एक खूण त्यांना कळली. पाला कमी मिळाला की जिराफ तासन्‌तास कुंपण आणि भिंती चाटत उभा राहतो. जिभेला काम हवे असते.

आपल्याकडे म्हैसूरला किंवा कोलकात्याच्या अलीपूरला जिराफ पाहता येतो. तिथे जा, नाहीतर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा, मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. जाळीतून पाव, बिस्किट, वेफर टाकू नका. आपण प्रेमाने टाकतो, पण त्या जनावराच्या पोटात आपण भांडण लावतो.

आता आपल्या पनवेलकडे पाहा. पूर्वी शेळ्या गाढी नदीच्या काठाने, माळावर, डोंगराच्या पायथ्याशी चरत जायच्या. बोर, बाभूळ, उंबर, जे मिळेल ते ओरबाडायच्या. आता तिथे इमारती झाल्या, रस्ते झाले, विमानतळ आला. शेळी दाराशी खुंटाला बांधलेली आणि तिच्यापुढे ढाब्यावरच्या उरलेल्या रोट्या, नाहीतर लग्नातला भात. जिराफ पिंजऱ्यात आहे हे आपल्याला दिसते. आपली शेळीही पिंजऱ्यातच गेली, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही.

पोटातल्या पाहुण्यांचे मोल किती, याची एक गोष्ट सांगते. सुबाभळीच्या पाल्यात एक विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियातली जनावरे तो पाला फार खाल्ला की आजारी पडत, पण हवाई आणि इंडोनेशियातल्या शेळ्यांना तो पचत असे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात तिकडच्या जनावरांच्या पोटातले जिवाणू आणून ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले, आणि त्यांनाही पाला पचू लागला. त्या जिवाणूला पुढे १९९२ साली जोन्स यांच्याच नावावरून ‘सिनर्जिस्टीस जोन्साय’ हे नाव मिळाले. पाला तोच, जनावर तसेच, फरक फक्त पोटातल्या पाहुण्यांचा!

तेव्हा शेळी पाळणाऱ्या माता-भगिनींनी एवढे करावे. विहारातले, लग्नातले, बारशाचे उरलेले भात-पोळी शेळीला भरपेट घालू नये. धान्याची, पिठाची पाटी तिच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर ठेवावी. खुराक सुरू करायचा तर मूठभर, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. पोटाला रोज पाला-काडी हवीच. आणि तोही एकाच झाडाचा नको, मिसळून द्यावा. नवजात करडाला जन्मतःच चीक पाजावा. त्याला आईजवळ राहू द्यावे, कारण त्याच्या पोटातले पाहुणे त्याला आईच्या चाटण्यातून, तिच्या सहवासातून मिळतात.

चुकून जास्त खाल्लेच तर उरलेले लगेच काढून घ्यावे, सुका चारा पुढे ठेवावा आणि डॉक्टरांना बोलवावे. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे. खाण्याचा सोडा किती आणि कसा द्यायचा ते डॉक्टरांनाच विचारावे. आडव्या पडलेल्या शेळीच्या तोंडात बळेच काही ओतू नये. ते फुफ्फुसात जाते. कधीकधी डॉक्टर निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस काढून आजारी जनावराला पाजतात. तोही एक प्रकारचा इलाजच, पाहुणे परत वसवण्याचा.

मी मावशींकडे गेले, हात जोडले. म्हणाले, ‘‘मावशी, चूक माझी आहे. शेजारणीचा काही दोष नाही.’’ मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘तू प्रेमानंच दिलंस गं. पण माहीत असतं तर दिलं नसतंस.’’ तशाच उठल्या आणि शेजारणीच्या दारात गेल्या.

महिन्याला थोडे थोडे पैसे देऊन मी मावशींना एक पाट घेऊन दिली आहे. ती दाराशी बांधलेली आहे, तिच्यापुढे रोज बाभळीची डहाळी असते. वस्तीत भात उरला की तो आता माणसांच्या डब्यांत जातो.