पर्यायी संगीतालाही गावकूस असते

'पर्यायी' हा शब्द आमच्या चळवळीच्या वाचकाला नवा नाही. प्रस्थापितांनी नाकारलेल्यांनी स्वतःचे साहित्य, स्वतःचा रंगमंच, स्वतःचे गाणे उभे केले की त्याला आपण पर्यायी म्हणतो. अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत बाजारू गाण्यांना विटलेल्या तरुणांनी गिटारचे जे बंडखोर संगीत उभे केले, त्यालाही हेच नाव पडले: ऑल्टरनेटिव्ह रॉक. पण या पर्यायी वस्तीत घर कोणाला मिळाले आणि वेशीवर कोणाला थांबावे लागले? याचे उत्तर हवे असेल तर फिशबोन या कृष्णवर्णीय संचाचा एप्रिल १९९१ मधील अल्बम ऐकावा लागेल. त्याचे नाव 'द रिअ‍ॅलिटी ऑफ माय सराउंडिंग्ज', म्हणजे माझ्या भोवतालचे वास्तव. एखाद्या दलित आत्मकथनाला शोभावे असे हे नाव आहे.

या संचाचा जन्मच वर्णभेदाच्या प्रश्नातून झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये शाळांतील वर्णविभागणी मोडण्यासाठी कृष्णवर्णीय मुलांना बसने गोऱ्या वस्त्यांतील शाळांत नेले जाई. साउथ सेंट्रल या कृष्णवर्णीय भागातील नॉरवूड फिशर आणि त्याचे सोबती असेच सॅन फर्नांडो खोऱ्यातील शाळेत पोहोचले. तिथे त्यांना अँजेलो मूर भेटला. १९७९ मध्ये या शाळकरी पोरांनी संच बांधला. वस्तीतले फंक आणि सोल त्यांच्या अंगात होतेच, गोऱ्या मुलांचे पंक आणि हेवी मेटल त्यांनी शाळेत ऐकले. जमैकाचे स्का त्यात मिसळले. कोणते संगीत कोणाचे, हे त्यांनी कोणाला विचारले नाही.

अल्बममधील अठरा तुकड्यांत हे सारे एकत्र येते. वस्तीला पोखरणारी नशा, कोट्यवधींची कोंडी, पाठीवर उठलेल्या चाबकाची आठवण, सगळे त्यात आहे. तरीही तो रडका नाही. त्यात थट्टा आहे, नाच आहे. 'एव्हरीडे सनशाइन' हे रोजच्या उन्हाची आस धरणारे गाणे आहे आणि शेवट होतो तो 'सनलेस सॅटरडे' या सूर्य हरवलेल्या शनिवारी. या गाण्याची चित्रफीत स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केली. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला झोडपले होते. पुढच्या वर्षी ते पोलीस निर्दोष सुटले आणि साउथ सेंट्रल पेटले. ज्यांना या आगीचे नवल वाटले, त्यांनी हा अल्बम ऐकला नव्हता, एवढेच आम्ही म्हणू.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्याच वर्षी त्याच शहरातील रेड हॉट चिली पेपर्स या गोऱ्या मित्रसंचाचा अल्बम लाखोंनी खपला. फिशबोनचे चाहते असलेल्या नो डाउटच्या १९९५ च्या अल्बमच्या तर एकट्या अमेरिकेत एक कोटी प्रतींची नोंद झाली. या कलावंतांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी फिशबोनचे ऋण उघडपणे मानले आहे. पण ऋण मानले जाणे वेगळे आणि वाटा मिळणे वेगळे.

मग अडले कुठे? गुणवत्तेचे ढोल पिटणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळावा. १९२० च्या दशकापासून अमेरिकी कंपन्या कृष्णवर्णीयांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या नावाने विकत. १९४९ मध्ये बिलबोर्डने नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले. नाव बदलले, रांग वेगळीच राहिली. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड यांनी घडवलेले रॉक पुढे गोऱ्यांची मिरास ठरले. १९८१ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का, हा प्रश्न १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाला विचारावा लागला. फिशबोनची अडचण दुहेरी होती. गोऱ्यांच्या रॉक केंद्रांना ते काळे वाटले आणि काळ्यांच्या केंद्रांना त्यांचे संगीत गोरे वाटले. दुकानात त्यांच्यासाठी फळीच नव्हती. संचात फाटाफूट झाली, १९९३ मध्ये गिटारवादक केंडल जोन्स बाहेर पडला, हेही खरे. पण घरातले भांडण सांगून दाराला लावलेले कुलूप लपवता येत नाही.

तरीही हा अल्बम मेला नाही, याचे श्रेय चाहत्यांना. कंपनीने हात काढून घेतल्यावरही छोट्या क्लबांत तिकीट काढून येणारे, नव्या माणसाला हाताला धरून हा अल्बम ऐकवणारे लोक राहिले. २०१० मध्ये संचावर 'एव्हरीडे सनशाइन' हा माहितीपट निघाला. ज्याची नोंद बाजार ठेवत नाही, त्याची नोंद माणसे ठेवतात. जलशांची गाणी तोंडोतोंडी जपणाऱ्या आपल्या वस्त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ज्या कॅलिफोर्नियात फिशबोन घडले, तिथेच १९६६ मध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली होती. तिच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले. तेव्हा हा धडा आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्तीतला पोरगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन ओरडू लागला तर बाहेरचे म्हणतील, हे तुमचे काम नव्हे. पण घरातले आपण काय म्हणणार? हे आपले संगीत नाही, असेच ना? म्हणजे आपणही त्याला नेमून दिलेल्या फळीवरच बसवणार! भीमगीते आपला प्राण आहेत, ती राहतीलच. परंतु नेमून दिलेले काम नाकारणे हाच ज्या चळवळीचा पाया आहे, तिने आपल्या पोरांना नेमून दिलेला सूर द्यावा काय? त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला तिकीट काढून पुढच्या रांगेत बसा. उद्या त्याचे ऋण दुसऱ्यांनी मानण्यापेक्षा आज त्याचा वाटा आपण दिलेला बरा.