हजारो गाणी खिशात, पण कान दोनच!

"डॉक्टर, माझा प्लेअर महागडा आहे, हाय-रेझोल्युशनवाला. त्याने कानांना काही होत नाही." हा गैरसमज हल्ली इतका पसरला आहे की त्याबद्दल एकदा स्पष्ट लिहायलाच हवे. होते! कानाला प्लेअरची किंमत कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: आवाज किती मोठा आणि तो किती वेळ चालला.

पहिल्या गोष्टीबद्दल आपण थोडेफार बोलतो. दुसरी मात्र विसरतो, आणि मोठ्या क्षमतेच्या प्लेअरचा खरा प्रश्न तिथेच आहे.

कॅसेट संपायची, हे संपत नाही

१९७९ साली वॉकमन आला. कॅसेटची एक बाजू ३० किंवा ४५ मिनिटांत संपायची. ती उलटायला लागायची, सेल उतरायचे. नकळत कानाला विश्रांती मिळायची. २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तो खिशात १,००० गाणी घेऊन. २००७ च्या १६० जीबीच्या आयपॉड क्लासिकमध्ये ४०,००० गाणी मावतील असे कंपनीच सांगत होती. एक गाणे चार मिनिटांचे धरा. रोज आठ तास ऐकले तरी सगळी गाणी एकदा ऐकायला अकरा महिने लागतील! आयपॉड आता बंद झाला, पण मेमरी कार्ड टाकायचे नवे प्लेअर त्याहून कितीतरी अधिक साठवतात. मोबाइलवरच्या गाण्यांना तर अंतच नाही.

जाहिरात याला सोय म्हणते. सोय आहेच. पण यंत्र थांबत नसेल, तर थांबण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हे कुठल्याच खोक्यावर छापलेले नसते.

कानाचा हिशेब

आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो, त्याला कोक्लिया म्हणतात. प्रत्येक कानाच्या कोक्लियात साधारण १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे मेंदूला समजणाऱ्या संदेशांत रूपांतर करणे हे त्यांचे काम. सतत मोठा आवाज आदळला की त्या थकतात, मग मरतात. त्वचा भरून येते, हाड जुळते, पण माणसाच्या कानातली मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्यासाठी गोळी नाही, टॉनिक नाही, कानात घालायचे तेलही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसासाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते:

- ८५ डेसिबल: आठवड्याला साडेबारा तास
- ९० डेसिबल: ४ तास
- ९५ डेसिबल: सव्वा तास
- १०० डेसिबल: फक्त २० मिनिटे

लक्षात घ्या, हे आकडे दिवसाचे नाहीत, आठवड्याचे आहेत. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवून रोज जाता-येता तास-तासभर ऐकणाऱ्याचा कोटा कदाचित सोमवारीच संपत असेल.

"पण माझा आवाज स्वच्छ असतो!"

धोका नेमका इथे आहे. जुन्या स्वस्त उपकरणाचा आवाज वाढवला की तो फाटायचा, कर्कश व्हायचा. ती एक प्रकारची सूचनाच होती. चांगला डिजिटल प्लेअर मोठ्या आवाजातही गोड वाजतो, त्यामुळे हात व्हॉल्यूम कमी करायला जातच नाही. स्वच्छ आवाज म्हणजे सुरक्षित आवाज नव्हे.

शिवाय गंमत बघा. आवाजाच्या माऱ्याने पहिल्यांदा जाते ती साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती. म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी एवढे पैसे मोजले, तेच ऐकू येईनासे होतात. पुढे बोलण्यातले स, श, फ, थ निसटू लागतात. समोरचा "साठ" म्हणतो, आपल्याला "आठ" ऐकू येते. मग "लोक हल्ली पुटपुटतात" अशी तक्रार सुरू होते.

शेजारच्या मंडळाचा डीजे वाजला की आपण पोलिसांना फोन करतो, आणि योग्यच करतो. पण तेवढ्याच निष्काळजीपणे आपण स्वतःच्या कानात स्पीकर खुपसून घेतो. तिथे तक्रार कोणाकडे करणार?

मग प्लेअर फेकून द्यायचा का?

अजिबात नाही. संगीत आनंद देते, मन हलके करते. प्लेअर ठेवा, पण त्याला शिस्त लावा:

१. व्हॉल्यूम ६० टक्क्यांच्या आत ठेवा. सेटिंगमध्ये मर्यादा घालण्याची सोय असेल तर आजच वापरा, मुलांच्या उपकरणात तर नक्कीच. युरोपात २०१३ पासून अशा उपकरणांचा आवाज मुळात ८५ डेसिबलवर बांधलेला असतो आणि तो वाढवताना इशारा मिळतो. इथेही खरेदी करताना जीबी विचारण्याआधी ही सोय आहे का, ते विचारा.

२. कॅसेटची बाजू स्वतःच बदला! पाऊण तास झाला की दहा मिनिटे कान मोकळे ठेवा.

३. गोंगाटात आवाज वाढवण्यापेक्षा बाहेरचा आवाज रोखणारे, कानात नीट बसणारे हेडफोन घ्या. रस्त्यावर चालताना किंवा रूळ ओलांडताना मात्र ते काढा.

४. हातभर अंतरावरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करा.

५. हेडफोन लावून झोपू नका. झोपेत कानावरचा मारा थांबत नाही.

ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे किंवा कान भरल्यासारखे वाटणे ही धोक्याची घंटा आहे. हे वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या. ही तपासणी सोपी असते, दुखत नाही. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर "मळ असेल" म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता जास्त असते.

प्लेअरची मेमरी कमी पडली तर दुसरे कार्ड मिळते. केसपेशींचे कार्ड मिळत नाही. ४०,००० गाण्यांपैकी आज चार कमी ऐका, म्हणजे सत्तरीतही ती ऐकता येतील.