शमीचे झाड आणि मोटारीचा खण

अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांपुढे सगळ्यांत मोठी अडचण कोणती होती, असे वर्गात विचारले, की मुले हमखास सांगतात, वेष बदलण्याची. पण वेष तर ठरलेले होते. कुणी आचारी व्हायचे, कुणी घोड्यांची देखभाल करायची, कुणी नाचगाणे शिकवायचे, हे सगळे आधीच पक्के झाले होते. विराटाच्या नगरीपाशी आल्यावर घोडे अडले ते शस्त्रांपाशी. गांडीव खांद्याला लावून राजकन्येला नाच शिकवायला कोण जाणार? शस्त्रे आत नेता येत नव्हती आणि टाकूनही देता येत नव्हती.

तेव्हा त्यांनी काय केले, हे विराटपर्वात मोठ्या तपशिलाने सांगितले आहे. वाटेपासून दूर, स्मशानाजवळ, चढायला अवघड असे एक शमीचे झाड त्यांनी हेरले. प्रत्येकाने आपापल्या धनुष्याची दोरी उतरवली. नकुल झाडावर चढला आणि पावसाचे पाणी लागणार नाही अशी जागा पाहून त्याने ती शस्त्रे घट्ट बांधून टाकली. मग त्याच झाडाला एक प्रेत बांधले, म्हणजे दुर्गंधीने कुणी जवळ फिरकू नये. वाटेत गुराखी भेटले त्यांना सांगितले, की ही आमची १८० वर्षांची आई. आमच्या कुळाची रीतच अशी आहे.

दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो ती याच झाडाची आठवण म्हणून. पण पूजा करताना या प्रसंगातले व्यावहारिक शहाणपण आपल्या ध्यानात येत नाही. माझ्याही ते ध्यानात आले ते एका परक्या देशात, आणि तेही एका उभ्या मोटारीपाशी.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, की बाईंनी ऐन दिवाळीत हा कुठला विषय काढला! पण वाचकहो, आता आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले, सुना, नातवंडे अमेरिकेत आहेत. तिथल्या थंडीची, पगाराची आणि शाळांची चौकशी आपण फोनवरून करतोच. तिथल्या पिस्तुलांची चौकशी मात्र आपण करीत नाही. कारण आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि शंभरांतल्या नव्याण्णव घरांनी पिस्तूल पाहिलेले असते ते फक्त सिनेमात. तिकडे गोष्ट निराळी. २०२४ सालापर्यंत तिथल्या २९ राज्यांत प्रौढ माणसाला परवाना न काढताही पिस्तूल कपड्यांखाली लपवून बरोबर नेण्याची मोकळीक मिळाली होती.

आता अशी मोकळीक असली, तरी पिस्तूल घेऊन सगळीकडे जाता येते असे नाही. न्यायालयात ते चालत नाही, विमानतळावर तपासणीच्या पलीकडे चालत नाही, मोठ्या क्रीडांगणांच्या दाराशी धातू शोधणारी यंत्रे उभी असतात, आणि पुष्कळशा कचेऱ्यांना आपल्या आवारात ते नको असते. म्हणजे प्रश्न पुन्हा पांडवांचाच. बरोबर आणलेले शस्त्र आत नेता येत नाही आणि टाकताही येत नाही. अशा वेळी त्या गृहस्थाला जवळचे शमीचे झाड दिसते ते म्हणजे त्याची मोटार. तो डॅशबोर्डाचा खण उघडतो, पिस्तूल आत सारतो, खण बंद करतो आणि निर्धास्तपणे निघून जातो. दृष्टीआड सृष्टी!

या खणाला तिकडे ‘ग्लोव्ह बॉक्स’ म्हणतात, म्हणजे हातमोज्यांचा खण. मोटारी उघड्या होत्या आणि चालवणाऱ्याचे हात गारठत, त्या काळात तो मोजे ठेवण्यासाठी निघाला आणि तेव्हाचे नाव त्याला चिकटून राहिले. मुद्दा हा, की तो मोजे ठेवण्यासाठी केलेला आहे. त्याला कुलूप असले तरी ते पोराटोरांपुरते. एक बरा पेचकस हाती असला की ते तुटायला वेळ लागत नाही. आणि मोटारीचे म्हणाल, तर तिला चारी बाजूंनी काचा असतात. काच फोडायला काही क्षण पुरतात. चोराला तेवढेही कष्ट पडत नाहीत ते मालक दार लावायला विसरतो म्हणून. रात्री एखाद्या गल्लीतून चालत जायचे आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांची दारे नुसती ओढून पाहायची, हाच कित्येकांचा धंदा. जे उघडले ते आपले.

हा धंदा किती वाढला आहे, याचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. एव्हरीटाउन नावाची, बंदुकांवर निर्बंध हवेत असे म्हणणारी तिथली एक संस्था आहे. तिने एफबीआयकडे आलेल्या नोंदी तपासल्या. ३३७ शहरांतल्या २०२२ सालच्या नोंदींत चोरीला गेलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक मोटारींतून गेलेल्या निघाल्या. त्याआधी दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण सुमारे पाव होते. आणि या गाड्या कुठल्या ओसाड माळावर उभ्या नव्हत्या. पुष्कळशा मालकाच्या स्वतःच्या घरासमोरच होत्या.

लॅपटॉप चोरीला गेला तर नुकसान मालकाचे होते. चार दिवस हळहळ, की संपले. पिस्तुलाचे तसे नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदाराला पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी करून घ्यावी लागते. ब्रॅडी कायद्याने १९९४ पासून ही व्यवस्था सुरू झाली. पण फुटलेल्या काचेतून जे पिस्तूल बाहेर पडते, त्याला ना दुकान ना तपासणी. ज्याला दुकानदाराने दारातूनच परत पाठवले असते, त्याच्या हाती ते सुखाने पोचते. वस्तू एकाची गेली आणि संकट दुसऱ्याच कुणावर आले, असा हा प्रकार आहे.

२०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत घडलेली गोष्ट अमेरिकाभर गाजली. तिथे समुद्राकाठच्या रस्त्यावर केंद्र सरकारच्या जमीन-व्यवस्थापन खात्यातल्या एका अधिकाऱ्याने आपली गाडी उभी केली होती. त्याचे पिस्तूल पाठीवरच्या पिशवीत आणि पिशवी गाडीत होती. २७ जूनच्या रात्री चोराने काच फोडली आणि पिशवी लांबवली. १ जुलैला, म्हणजे चौथ्या दिवशी, त्याच किनाऱ्यावरच्या एका धक्क्यावर ते पिस्तूल एका फिरस्त्याच्या हातून उडाले. गोळी आधी जमिनीवर आपटली, तिथून उसळली आणि वडिलांबरोबर फिरायला आलेल्या एका ३२ वर्षांच्या तरुणीच्या पाठीत शिरली. त्यातच तिचा अंत झाला. २०१७ साली पंचांनी त्या फिरस्त्याला खुनाच्या आणि मनुष्यवधाच्या आरोपांतून मुक्त केले. खटल्याभोवती राजकारणाचा धुरळा पुष्कळ उडाला, पण त्यात मला जायचे नाही. मला दिसते ती ती पिशवी. तो अधिकारी शस्त्र हाताळायला शिकलेला होता, आणि तरी काचेवर भरवसा ठेवून निघून गेला.

पुढे कॅलिफोर्नियाने कायदा केला. २०१७ च्या आरंभापासून तिथे कुणीही, मग तो पोलीस का असेना, पिस्तूल ठेवून गाडी सोडून जाणार असेल, तर ते डिकीत कुलूपबंद हवे, नाहीतर कुलपाच्या पेटीत आणि ती पेटी बाहेरून दिसणार नाही अशी हवी. हातमोज्यांचा खण ही कुलपाची पेटी नव्हे, असे तिथल्या कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे. कोलोराडो राज्यानेही असाच नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू केला. पेटी टणक बाजूंची हवी, तिला कुलूप हवे, ती नजरेआड हवी आणि गाडीलाही कुलूप हवे.

माझी भाची याच कोलोराडोत, डेन्व्हरला असते. २०२५ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. तिच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ राहतात. त्यांनी आम्हांला एकदा बेसबॉलचा सामना पाहायला नेले. निघण्यापूर्वी घराच्या आवारातच त्यांनी सीटखालची एक पोलादी पेटी उघडली, काहीतरी आत ठेवले, कुलूप लावले आणि कुलूप ओढून पाहिले. पेटीला जाड पोलादी दोर होता आणि त्याचा फास सीटच्या लोखंडी सांगाड्याला घातलेला होता. भाची माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘आत्या, पिस्तूल आहे बरं का ते!’’ माझ्या चेहऱ्यावरचा रंग पाहून ते गृहस्थ हसले. मी विचारले, ‘‘क्रीडांगणापाशी पोचल्यावरच ठेवायचे होते, इथेच का?’’ ते म्हणाले, ‘‘तिथल्या वाहनतळावर चोर हेच पाहत बसलेला असतो, की गाडीतून उतरण्यापूर्वी कोण वाकून काय ठेवतो. मी काय ठेवले ते त्याला दिसता कामा नये.’’ थोडे थांबून म्हणाले, ‘‘खरे तर आज मी ते घरीच ठेवायला हवे होते. पेटी म्हणजे चोराचा वेळ खाण्याचे साधन. त्याला रात्रभर सवड दिली तर पेटी काय करणार?’’

मला हे बोलणे फार आवडले. दोर कापता येतो आणि पेटी फोडता येते, हे त्यांना ठाऊक होते. पण काच फोडून पळणाऱ्याला घाई असते, आणि दोन मिनिटांचे काम दहा मिनिटांवर गेले की तो पुढची गाडी पाहतो. कुलूप चोराला थकवण्यासाठी असते, ही गोष्ट आपल्या आजीलाही माहीत होती.

घरी परतताना माझ्या मनात शमीचे झाड आले. पांडवांनी जे केले त्याचा एकेक धागा इथे जुळत होता. नगरीत शिरण्यापूर्वी, लोकांच्या नजरेत येण्याआधी शस्त्रे ठेवली. धनुष्याच्या दोऱ्या उतरवल्या, म्हणजे आजच्या भाषेत काडतुसे काढून घेतली. जागा अवघड निवडली, शस्त्रे घट्ट बांधली, आणि जवळ येणाऱ्याला दूर सारण्याची तजवीज केली. आजचे काही मोटारवाले नेमके उलट करतात. मागच्या काचेवर बंदुकांच्या कारखान्याचे नाव मोठ्या हौसेने चिकटवतात. पांडवांनी झाडाला प्रेत टांगले. हे लोक पाटी टांगतात, की माल आत आहे!

आणखी एक धागा आहे. वर्षानंतर कौरवांनी गाई पळवल्या तेव्हा बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन उत्तराला त्या झाडाखाली घेऊन आला आणि वर चढ म्हणाला. राजपुत्र कचरला. प्रेताला मी शिवू कसा, म्हणू लागला. ज्याला मुद्दाम तिथे आणले होते तोसुद्धा थबकला, एवढा तो बंदोबस्त चोख होता. वर्षभर शस्त्रे उघड्या रानात राहिली आणि कुणाच्या हाती न लागता मालकाला परत मिळाली. त्या मुदतीत गांडिवाने दुसऱ्या कुणाचा जीव घेतला नाही, हीसुद्धा पांडवांची एक कामगिरीच, असे मला वाटते. युद्धातल्या पराक्रमांवर काव्ये होतात. अशा न घडलेल्या गोष्टींवर कुणी लिहीत नाही.

शस्त्र बाळगावे की नाही, हा वाद अमेरिकेत जुना आहे आणि तो सोडवण्याचा अधिकार माझा नाही. पण ज्याने ते बाळगले, त्याच्यावर त्याचा भार ते कमरेला असेतोवरच असतो आणि गाडीत ठेवून पाठ फिरवली की संपतो, असे कसे म्हणता येईल? उलट, खरा भार तिथूनच सुरू होतो. घरातल्या चार जणांच्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू गावातल्या चारशे जणांना भय देऊ लागली, तर ते रक्षण कसले?

म्हणून आपल्यापैकी ज्यांची माणसे तिकडे आहेत, त्यांना मी दोनतीन साध्या गोष्टी सुचवते. त्यांच्या घरी पिस्तूल असेल, तर त्यावरचा क्रमांक त्यांनी वहीत उतरवून ठेवला आहे का, हे विचारा. तिथल्या पोलिसांच्या देशभराच्या यादीत चोरीचे पिस्तूल ओळखले जाते ते या क्रमांकावरून, आणि मालकालाच तो ठाऊक नसला, तर यादीत घालणार काय? चोरी झालीच, तर लाज न धरता त्याच दिवशी पोलिसांत सांगा म्हणावे. आणि घरी पिस्तूल नसेल, तर मुलांना ज्यांच्या गाडीतून शाळेत किंवा खेळायला पाठवता, त्यांच्या गाडीत असते का आणि असल्यास कुठे असते, हे विचारायला संकोच करू नका. तिकडे या प्रश्नाचा शहाण्या माणसाला राग येत नाही.

फ्लॉरिडातल्या पॅस्को परगण्याच्या शेरीफच्या कचेरीने २०१७ साली लोकांना ‘रात्री नऊचा नेम’ लावून दिला, आणि पुढे तो इतर ठिकाणच्या पोलिसांनीही उचलला. रोज रात्री नऊ वाजता गाडीतल्या मौल्यवान वस्तू घरात आणायच्या, गाडीला कुलूप लावायचे, घराचे दार पाहायचे. एवढेच. आपल्याकडे आया-आज्या निजण्यापूर्वी दाराची कडी, दुधाचे झाकण आणि देवापुढचा दिवा पाहून येत, त्यातलाच हा प्रकार. यंदा पाडव्याला किंवा भाऊबीजेला तिकडे फोन लागेल, तेव्हा फराळाचे आणि कंदिलाचे बोलून झाल्यावर हेही एक विचारा, ‘‘काय रे, रात्री गाडीत काही ठेवीत नाहीस ना?’’