पोटाचे उचंत खाते

ज्याला कांदा सोडायचा असेल त्याने आळंदीत राहावे, काशीला जावे. निफाड तालुक्यातल्या बँकेत कारकुनी करू नये. आमच्या शाखेत येणारा प्रत्येक ग्राहक एकतर कांदा विकून आलेला असतो, नाहीतर कांद्याला भाव नाही म्हणून कर्ज मागायला. लासलगाव हाकेच्या अंतरावर. नोटांनासुद्धा कांद्याचा वास येतो. अशा ठिकाणी बसून मी आठ महिने कांदा खाल्ला नाही. ही फुशारकी नव्हे, तक्रार आहे.

मूळ दुखणं खरं होतं हे आधी सांगतो, कारण पोटाच्या तक्रारीला लोक प्रथम हसतात आणि मग स्वतःची सांगतात. जेवलो की तासाभरात पोटाचा नगारा. दहाला काउंटर उघडावं आणि सव्वादहाला पाटी फिरवून आत पळावं. एकदा परत आलो तर रांगेतले आजोबा म्हणाले, "साहेब, तुमचं झालं असंल तर आमचं करा." तपासण्या झाल्या, दुर्बीण झाली, सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, आयबीएस. म्हणजे आतडं चिडकं आहे. आमचे शाखाधिकारीही तसेच आहेत. त्यांच्याही तपासणीत काही सापडणार नाही.

डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी २००५ साली या भानगडीला 'फॉडमॅप' असं नाव दिलं. मला समजलं ते इतकंच, की काही साखरी लहान आतड्यात धड शोषल्या जात नाहीत. कांदा, लसूण, गहू यांतलं फ्रुक्टान तर माणसाला पचवताच येत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू त्यावर ताव मारतात आणि वायू होतो. तो तुम्हालाही होतो. चिडक्या आतड्याला सोसत नाही एवढंच. म्हणून कांदा, लसूण, पोळी, राजमा, छोले, दूध, आंबा, काजू, फ्लॉवर बंद. भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर चालू. लसणातलं ते द्रव्य पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. तेव्हा पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणी चालते, हे कळल्यावर सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मग बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे कळलं आणि तिने ती साखर परत डब्यात ओतली.

गुण मात्र आला. तीन आठवड्यांत पाटी फिरवणं थांबलं.

इथवर माझं कोणाशी भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या मंडळींशी. त्याच कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: दोन ते सहा आठवडे. मग एकेक पदार्थ परत आणायचा, किती सोसतो ते पाहायचं, आणि जो सोसत नाही तेवढाच कमी ठेवायचा. पण मला भीती बसली होती, आणि भित्र्या माणसाला सल्लागार लगेच सापडतो. मला सापडलेले गृहस्थ 'आतडं बरं करून' देत. त्यांनी भाकरी काढली, मग बटाटा, मग टोमॅटो. बरं वाटलं तर पथ्याचा गुण. नाही वाटलं तर "विष बाहेर पडतंय", नाहीतर मी चोरून काहीतरी खाल्लेलं. कसंही झालं तरी जमा त्यांच्या बाजूला. आमच्याकडे अशी हिशेबाची पद्धत असती तर एकही शाखा तोट्यात गेली नसती. वजन सात किलोंनी उतरलं, त्यालाही ते प्रगतीच म्हणाले.

बँकेत एक सस्पेन्स अकाउंट असतं, मराठीत उचंत खातं. कुठली रक्कम कुठे घालायची ते कळेना की तात्पुरती तिथे टाकायची आणि छडा लागला की उचलायची. रक्कम तिथेच पडून राहिली की ऑडिटर शेरा मारतो. माझा कांदा आठ महिने उचंत खात्यात पडून होता आणि मी त्याला आरोग्य समजत होतो. बरं, हे पथ्य आतडं बरं करतच नाही. ते फक्त जंतूंचा रतीब बंद करून गडबड कमी करतं. त्या उपाशी जंतूंत बिफिडोसारखे आपल्या कामाचेही असतात. म्हणून तर सहा आठवड्यांची मुदत! आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक नव्हते, पण चातुर्मासाला कार्तिकी एकादशीची मुदत त्यांनी घातली होती. शिवाय सुरू होण्याआधी कांदेनवमी, पोट भरून. माझ्या सल्लागाराच्या पंचांगात कार्तिकीच नव्हती.

डोळे उघडले ते आईमुळे. ती गावी असते, अठ्ठ्याहत्तरची आहे. तिच्याकडे मी डबा घेऊन जायला लागलो होतो. आईच्या घरी, डबा! ती काही बोलली नाही. सौ.ला मात्र म्हणाली, "त्याला माझ्या हातचं नको झालंय." हे सौ.ने मला परतताना एसटीत सांगितलं. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. बाहेर कांद्याच्या चाळीच होत्या.

डॉक्टरांकडे परत गेलो. ते रागावले, पण मला नव्हे, वजनकाट्याला. कांद्याची चाचणी तीन दिवसांची ठरली, रोज थोडा वाढवत. रजा टाकली आणि कांदेनवमीला सकाळी आईकडे हजर झालो, डब्याशिवाय. तिने एक चमचा कांदा चिरला, मोजून, सोनार तोलतो तसा, आणि ज्वारीच्या थालीपिठात घातला. रात्री पोट थोडं गुरगुरलं, पण झोप लागली. दशमीला दोन चमचे. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चार चमच्यांची पाळी होती. मी पाटावर जाऊन बसलो तर समोर वरीचे तांदूळ.

"आज आषाढी आहे," आई म्हणाली. "ऑस्ट्रेलियातल्या लोकांना सांग, एकादशीला माझ्या चुलीवर कांदा चढत नाही."

"अगं, पण चाचणी अर्धी राहील!"

"राहू दे. कार्तिकी झाली की दुसऱ्या दिवशी ये. चार चमचे घालीन."